पंचविसाव्या हिश्शाची गाडी

पाच मीटर लांबीची मोटार 1/25 प्रमाणात वीस सेंटिमीटरची होते. दोन्ही हातांत ती नीट बसते आणि दारांच्या फटी, वायपर, डॅशबोर्डावरच्या तबकड्या असे सगळे तिच्यात दाखवता येते. सुट्या प्लॅस्टिक भागांचे किट आणून अशी गाडी जोडायची, रंगवायची, मनाजोगी बदलून घ्यायची, हा छंद बहुतेकांना दहा-बारा वर्षांच्या वयात लागतो आणि कॉलेजच्या उंबरठ्यावर सुटतो. काहींना तो चाळिशीनंतर पुन्हा गाठतो. या परतण्याकडे स्मरणरंजन म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. परतलेला माणूस टेबलाशी बसून नेमके काय करतो हे पाहिले, तर त्यात बालपणाचा भाग थोडाच असतो. लहानपणी हात भराभर चालत होता आणि नजर कच्ची होती. आता नजर पिकली आहे आणि हाताची सवय मोडली आहे. परतलेल्याचे बरेचसे काम या दोहोंमधले अंतर कापण्याचे असते.

या किटचे मूळ मोटारींच्या शोरूममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मोटार कंपन्या आपल्या नव्या गाड्यांच्या छोट्या तयार प्रतिकृती विक्रेत्यांकडे ठेवत. गिऱ्हाइकाला दाखवायला आणि त्याच्याबरोबर आलेल्या मुलाच्या हाती द्यायला. मिशिगनमधल्या एएमटी या कंपनीची सुरुवात 1948 साली अशाच प्रतिकृतींपासून झाली. 1958 मध्ये तिने चालू वर्षाच्या गाड्या सुट्या भागांच्या रूपात विकायला काढल्या आणि खोक्यावर ‘थ्री इन वन’ असे छापले. एकाच किटमधून कारखान्यातून निघते तशी गाडी, शर्यतीची गाडी किंवा सजवून बदललेली ‘कस्टम’ गाडी, यांपैकी कोणतीही करता येत असे. जास्तीचे बंपर, वेगळ्या जाळ्या, दुसरी चाके खोक्यातच असत. या तीन शब्दांचे महत्त्व व्यापारापुरते नव्हते. जोडणीच्या कागदाबरोबर मुलाच्या हाती एक निवडही पडली. विमानांच्या किटमध्ये अशी मोकळीक फारशी नव्हती. स्पिटफायर हे लढाऊ विमान स्पिटफायरच व्हायला हवे, ते मनाजोगे बदलण्यात कोणाला आनंद नव्हता. मोटारीच्या बाबतीत कापाकापीचा आदर्श खुद्द रस्त्यावर फिरत होता.

लॉस एंजेलिसच्या परिसरात जॉर्ज आणि सॅम बॅरिस हे भाऊ तेव्हा खऱ्या गाड्यांचे टप कापून खाली आणत होते. बॉब हिरोहाता या तरुणासाठी त्यांनी 1951 ची मर्क्युरी अशीच बदलली. टप बसका केला, बाजूच्या काचांमधला खांब काढून टाकला, बाजूची रेषा एका झोतात मागपर्यंत नेली. अशा गाड्यांची छायाचित्रे मासिकांतून देशभर जात आणि ती पाहणाऱ्या मुलांजवळ ना गाडी होती ना वेल्डिंगचे यंत्र. त्यांच्याजवळ किट होते, करवतीचे पाते होते आणि गोंदाची नळी होती. पुढे ही वाट आणखी थेट झाली. डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी बांधलेली ‘डिओरा’ ही डॉजच्या छोट्या ट्रकवर बेतलेली अजब गाडी 1967 मध्ये तिथल्या ऑटोरामा प्रदर्शनात सर्वोच्च रिडलर पुरस्काराची मानकरी ठरली. एएमटीने तिचे किट काढले. तिचा आराखडा करणारे हॅरी ब्रॅडली पुढे हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांच्या पहिल्या संचाचे डिझायनर झाले आणि 1968 च्या त्या सोळा गाड्यांत डिओराही होती. खरी गाडी, किट आणि हातातले खेळणे यांच्यात इतकी थेट ये-जा दुसऱ्या कुठल्या छंदात सहसा दिसत नाही.

किटशिवायही एक परंपरा होती आणि ती अधिक कठीण होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने 1930 ते 1968 या काळात मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची स्पर्धा चालवली. आरंभी स्पर्धकांना एका राजेशाही घोडागाडीची तंतोतंत प्रतिकृती करावी लागे. नंतर स्वतः कल्पिलेली मोटार लाकडातून घडवायची मुभा मिळाली. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळे. 1947 चे विजेते चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. लहान गाडी घडवता घडवता मोठ्या गाडीचे आकार समजतात, हे त्या कंपनीने ओळखले होते.

मग छंद सुटतो कसा? कारण साधे आहे. मुलाला हवी असते ती गाडी. करणे हा ती मिळवण्याचा मार्ग असतो. म्हणून तो रंग वाळण्याआधी चाके बसवतो, काचेवर गोंदाचा ठसा उठला तरी हरकत घेत नाही आणि संध्याकाळपर्यंत गाडी जमिनीवर चालवून पाहतो. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा उंच असतो आणि पायथ्याशी उभी असलेली गाय तोफेपेक्षा मोठी असते. त्या मुलांना यात काही चुकल्यासारखे वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रमाणाची जाणीव उशिरा येते. ती येते तेव्हा खरी मोटारसायकल, परीक्षा, नोकरी, घर यांची गर्दी झालेली असते. किट पोटमाळ्यावर जाते.

पंचवीस वर्षांनी तो माणूस पुन्हा दुकानात जातो तेव्हा पहिली गोष्ट करतो ती खरेदी. लहानपणी न मिळालेली किट आता परवडतात. घरात खोक्यांचा ढीग लागतो आणि जोडलेली गाडी मात्र एकही नसते. या ढिगाला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. खोके बंद असते तोवर त्यातली गाडी निर्दोष असते. पिकलेल्या नजरेला आपल्या हातून काय बिघडणार आहे ते आधीच दिसते, म्हणून हात पुढे होत नाही. यावर अनुभवी मंडळींचा उपाय जुनाच आहे: पहिली गाडी नावडती घ्यावी. जिच्यावर जीव नाही अशा स्वस्त किटवर साच्याच्या रेघा घासायला, रंगाचे पातळ थर द्यायला आणि चुकायला शिकावे. हाताला वळण परत यायला चार-पाच गाड्या लागतात, आणि त्या वाया गेल्या असे मानू नये.

पोटमाळ्यावरची जुनी गाडी सापडली तर शिक्षण आणखी वेगळे मिळते. पॉलिस्टायरीनसाठीचे सिमेंट नुसते चिकटवत नाही; त्यातले द्रावक दोन्ही कडा विरघळवतात आणि वाळल्यावर त्या एकजीव होतात. त्यामुळे लहानपणी ओघळलेले सिमेंट आता खरवडून निघत नाही, तो भाग कापूनच काढावा लागतो. रंग काढायला ती गाडी ब्रेक ऑइलमध्ये काही दिवस बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. चाकांचे दुखणे अधिक चिवट असते. जुन्या किटमधल्या मऊ व्हिनाइलच्या टायरांत मिसळलेले मऊ करणारे द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपते आणि ज्या कडक प्लॅस्टिकला टायर टेकलेला असतो ते खाऊन टाकते. रिमवर टायराची नक्षी कायमची उमटलेली दिसते. पिवळी पडलेली डिकलची, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांची पट्टी मात्र खिडकीच्या काचेवर उन्हात काही दिवस ठेवली की बरीच उजळते. ही डागडुजी करताना बारा वर्षांच्या आपल्याच हाताशी गाठ पडते: कुठे त्याने घाई केली, कुठे कोणाला विचारायला नव्हते म्हणून तो अडला, आणि कुठे एखादी गोष्ट त्याने आताच्या माणसाहून धीटपणे केली. अशा गाडीचा सगळा जुना रंग उतरवू नये असे वाटते. छताच्या आतला ब्रशाने दिलेला निळा पट्टा राहिला तर बिघडत काही नाही.

रंगकामात नजर आणि हात यांचे अंतर सर्वांत उघडे पडते, आणि त्याचे कारण गणितात आहे. खऱ्या मोटारीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. 1/25 प्रमाणात ती 0.004 मिलिमीटर व्हायला हवी, आणि तेवढा पातळ थर साध्या स्प्रेने सहसा बसत नाही. छोट्या गाडीवर 0.1 मिलिमीटरचा थर बसला तर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर रंग थापल्यासारखे ते होते. दाराची खरी फट चार मिलिमीटरची धरली तर मॉडेलवर ती 0.16 मिलिमीटर, दोन्ही कडांवर रंग चढला की ती बुजलीच. म्हणून जाणकार रंग लावण्याआधी सगळ्या फटी टोकदार हत्याराने खोल करून घेतात. चमकीच्या रंगाचेही तसेच. खऱ्या गाडीसाठीच्या रंगातले धातूचे कण छोट्या गाडीवर वाळूसारखे दिसतात, तिथे अधिक बारीक कणांचा रंग लागतो. आणि ज्यांना हा छंद मुंबईत किंवा कोकणात करायचा आहे त्यांनी पावसाळ्यात लॅकर फवारू नये. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि चकचकीत काळा रंग दुधाळ होऊन बसतो. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत हे सगळ्यांना ठाऊक असते. किटमधल्या कागदावर लिहिलेले नसते.

तरीही परतलेल्यांना सर्वांत जास्त ओढ असते ती बदल करण्याची, आणि त्यातही टप खाली आणण्याची. मर्क्युरीचा टप चार इंच बसका करायचा म्हणजे 1/25 वर सुमारे चार मिलिमीटरची पट्टी कापायची. ऐकायला ते सोपे वाटते. खांबांवर चिकटपट्टीने रेषा आखून, बारीक करवतीने तेवढा तुकडा काढून वरचा भाग खाली ठेवला की लक्षात येते, खांब जुळत नाहीत. पुढची काच मागे कललेली असते, मागची पुढे. टप खाली येताच त्याची टोके खालच्या खांबांच्या मध्ये, आत पडतात. मग टपाचेच दोन किंवा चार तुकडे करून ते फाकवायचे आणि मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या भरायच्या, किंवा खांबांचा कल बदलायचा. बॅरिस बंधूंच्या पत्र्यापुढेही भूमितीचा हाच पेच होता. पुट्टी भरून, काचकागदाने घासून, करड्या प्रायमरखाली पुन्हा पुन्हा तपासून तो टप एकसंध दिसायला आठवडे जातात. शिवाय किटमधल्या काचा आता बसत नाहीत, त्या पातळ पारदर्शक प्लॅस्टिकमधून नव्याने कापाव्या लागतात. इतके केल्यावर बदल उठून दिसत असेल तर काम फसले असे समजावे. चांगला कापलेला टप पाहणाऱ्याला जाणवत नाही. गाडी फक्त अधिक बसकी, अधिक धावती वाटते. हे ताडायला चाळिशीची नजर लागते आणि ते साधायला चाळिशीचा धीर. चाळिशीनंतर जवळचे दिसणे मंदावते, म्हणून कपाळावर भिंग बांधूनच काम करावे लागते, आणि त्या भिंगातून आपली प्रत्येक चूकही मोठी होऊन दिसते.

दरम्यान किटही बदलले. जपानच्या शिझुओका प्रांतात तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी अशा कंपन्या एकवटल्या आहेत आणि भाग नेमके जुळण्याची कसोटी त्यांनी फार वर नेली. तामियाच्या शुन्साकू तामिया यांनी 1976 च्या पोर्शे 934 किटसाठी खरी पोर्शे 911 विकत घेऊन ती सुटी केली होती. आता संगणकावर आराखडा काढून रेझिनच्या प्रिंटरवर हवे ते इंजिन, हवी ती चाके घरी काढता येतात. यामुळे छंदातले कसब संपेल ही भीती रास्त वाटत नाही. छापलेल्या चाकावरच्या थरांच्या रेघा घासाव्या लागतात, रंग द्यावाच लागतो, आणि कुठले चाक कुठल्या गाडीला शोभेल हे प्रिंटर ठरवत नाही. खऱ्या अर्थाने गेले ते एकच: कमतरता. पूर्वी हवे ते चाक नव्हते म्हणून दुसऱ्या किटमधले घ्यावे लागे आणि त्या तडजोडीतून कधीकधी मूळ कल्पनेहून सरस गाडी निघे.

त्या तडजोडींचा साठा मात्र अजून टिकून आहे. ‘थ्री इन वन’ खोक्यातली एकच गाडी बनते आणि दोन गाड्यांचे भाग उरतात. ते बहुधा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातात. परतणाऱ्या अनेकांच्या हाती नव्या किटआधी हा डबाच लागतो. त्यात क्रोमचे बंपर, न वापरलेल्या जाळ्या, एका बाजूची आरसे नसलेली दारे आणि कुठल्या गाडीची ते आता न आठवणारी सीट असते. डबा उघडल्यावर पहिले काम म्हणजे टायर बाकीच्या भागांपासून वेगळे करून निराळ्या पिशवीत ठेवणे.