पुसले म्हणजे गेले काय?

१९९९ साली आमच्या घरी विंडोज ९८ प्रणालीचा संगणक आला. कॉलेजात शिकणाऱ्या आम्हा भावंडांना तो अधिक वेगवान करण्याची भारी हौस. एका दुपारी आम्ही त्याला ‘फॉरमॅट सी’ ही आज्ञा दिली. सर्व माहिती नष्ट होईल, असा इशारा पडद्यावर उमटला. आम्ही बेफिकिरीने होकाराचे अक्षर दाबले. आजीच्या तोंडून ऐकून वडिलांनी उतरवलेली लग्नगीते त्याच डिस्कवर होती, हे मागाहून ध्यानात आले.

धाक वाटून आम्ही लगबगीने विंडोज प्रणाली पुन्हा बसवली. संध्याकाळी संगणक नव्यासारखा दिसत होता आणि आम्ही गप्प होतो.

पुढे कळले की, त्या काळची ती आज्ञा हार्ड डिस्कवरील मजकूर खोडत नसे. त्याची अनुक्रमणिका तेवढी पुसत असे. वर नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर जागच्या जागी राही आणि जाणकाराला तो बराचसा परत मिळवता येई. म्हणजे, जी गीते चुकीनंतरही वाचू शकली असती, त्यांच्यावर आम्हीच चूक झाकण्यासाठी नवी प्रणाली लिहिली!

निष्काळजीपणाचा दोष आम्ही नाकारत नाही. परंतु त्याहून मोठा दोष त्यानंतरच्या मौनाचा होता. वडिलांना त्याच घटकेला हाक मारली असती, तर रागावले असते खरे. पण काही गीते तरी हाती लागली असती. आज आजी नाही. ती गीते कोणाला विचारावीत?