पहाटेचं पाणी

पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी फुटाफुटाने मोजली जाते. उन्हाळ्यात मात्र बंधाऱ्यामागे पाणी तुंबलेलं दिसलं की आपली चौकशी संपते. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी. पाण्यात प्राणवायू किती मावेल हे तापमान ठरवतं: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. अमेरिकेतल्या मोंटानात ट्राउटच्या नदीचं पाणी सलग तीन दिवस साधारण २३ अंशांपर्यंत तापलं, तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायला बंदी येऊ शकते. तापल्या पाण्यात झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी अनेकदा जगत नाही. आपल्या कटला-रोहूंना तेवढी ऊब सहज सोसते. त्यांचा घात पहाटे होतो. सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, शिवाय मळी-मैला कुजवणारे जिवाणू असतातच. उजाडता उजाडता साठा तळाला जातो आणि तेरवाड बंधाऱ्यासारख्या ठिकाणी मासे वर येऊन तडफडू लागतात. दुपारी भरलेली नमुन्याची बाटली त्याच पाण्याची बरी बाजू दाखवते. म्हणून उन्हाळ्यातली नदी सूर्योदयाआधी मोजावी, आणि प्राणवायूत मोजावी.

यावर कोणी म्हणेल, दोष सांडपाण्याचा, बंधाऱ्याला बोल कशाला? शुद्धीकरण आधी हवंच. पण कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढतात आणि पाऊस सरल्यावर घालतात. म्हणजे घाण वाहून न्यायची गरज सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच नदी थांबलेली असते. ‘मासे तर मिळतात की’ हा पुरावाही कच्चा आहे. मरळ हवेतूनच श्वास घेते, चिलापी बरंच काही सोसते. जाळ्यात तेवढीच उरली, तर ती नदीच्या आजाराची खूण समजावी. उरला उसाचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. नदी वाहती ठेवून राधानगरी धरणाचं पाणी माशांसाठी का दवडावं? पण वरच्या बंधाऱ्यातून सोडलेलं पाणी खालच्या बंधाऱ्यात अडतं, शेतालाच मिळतं. मासे मेल्यावर एकदम लोंढा सोडला, तर कुजकं पाणी तेवढं खाली शिरोळकडे ढकललं जातं; थोडं थोडं, प्राणवायूचा आकडा घसरू लागताच सोडलं, तर ते मिसळून निवळायला वाव मिळतो. शिवाय नदीकाठची गावं हेच पाणी पितात, आणि २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ फार जुनी नाही. अडचण आहे ती कारभाराची: पाणी पाटबंधारे खात्याकडे, तर प्रदूषण हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पहाटेचा आकडा पाहून बरगा काढायला कोणी सांगायचं, हे आधी ठरायला हवं.