शिंदळ माकुडी आणि गव्हर्नर

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांवर, बेसाल्टच्या कपारींत, शिंदळ माकुडी वाढते. महाराष्ट्राबाहेर ती रानात कुठेच सापडत नाही. खोड मांसल, लोंबतं. फूल चांदणीसारखं, गडद किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके. तिच्या नात्यातल्या माकडशिंग्यांना पानं नावापुरतीच असतात, हिला मात्र पावसाळ्यात भरदार पानं फुटतात. म्हणून निकोल डॅल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६५ साली तिच्यासाठी वेगळी प्रजाती मांडली आणि नाव दिलं फ्रेरिया इंडिका.

डॅल्झेल मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक होता आणि सर बार्टल फ्रियर तिथला गव्हर्नर. वरिष्ठाचं नाव वनस्पतीला देण्याची तेव्हा रीतच होती. त्याच सुमारास मुंबईत जे कारंजं फ्रियरच्या नावानं ओळखलं जायचं होतं, त्याला शेवटी फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचं नाव मिळालं. देवी शहरात राहिली, गव्हर्नर सह्याद्रीच्या कड्यावर गेला.

पुढे जे घडलं ते मला जास्त अस्वस्थ करतं. वेगळ्या प्रजातीसाठी पानांचा फरक पुरेसा नाही, असं नंतरच्या अभ्यासकांना दिसलं. फ्रेरिया मोडीत निघाली. वनस्पती आधी कॅरालुमात गेली, मग बुसेरोसियात. नियमानं ‘इंडिका’ हे जातिनाम तिच्याबरोबर जायला हवं होतं. पण कॅरालुमा इंडिका नावाची दुसरी वनस्पती आधीच होती, आणि एका प्रजातीत दोन इंडिका चालत नाहीत. मग नवं जातिनाम रचलं गेलं, तेही मोडलेल्या प्रजातीच्या नावावरून. आज ती बुसेरोसिया फ्रेराय आहे. डॅल्झेलचा निष्कर्ष खोडला गेला, भारताचा उल्लेख गळला, गव्हर्नर तेवढा टिकला.

हाच फ्रियर पुढे दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाला, आणि १८७९चं झुलू युद्ध त्याच्याच अंतिम इशाऱ्यातून पेटलं. माद्रिदला २०२४मध्ये भरलेल्या वनस्पतिशास्त्र परिषदेनं आफ्रिकी माणसांचा अपमान करणारी ‘काफ्रा’सारखी जातिनामं बदलायचं ठरवलं. मग फ्रियरही पुसावा का? मला तसं वाटत नाही. आपल्या रानांची नोंदवही कोणाच्या सत्तेखाली लिहिली गेली, हे त्या नावात स्पष्ट दिसतं आणि ते दिसत राहावं. पण गडावरच्या फलकावर शिंदळ माकुडी हे नाव वर, ठळक अक्षरांत असावं, बुसेरोसिया फ्रेराय त्याच्याखाली, आणि फ्रियर कोण होता, हे त्याखालच्या एका ओळीत.