लांडगा दिसला, तर सांगावं कुणाला?

रहिमतपूरहून औंधच्या रस्त्याला लागलं की ऊस हळूहळू मागं पडतो आणि मुरमाड माळ सुरू होतो. कुसळी गवत, खुरट्या बोरी-बाभळी, मधेच एखादा कोरडा ओढा. पुढं खटाव-माणपर्यंत हाच माळ. सरकारी कागदांनी आणि आपणही त्याला पडीक म्हणून टाकलं, पण लांडग्याचं घर असल्याच माळावर असतं. दिवाळीनंतर दुष्काळी भागातले मेंढपाळ वाडे घेऊन पाण्याच्या मुलखाकडं उतरतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, आणि मेंढरांच्या मागं कधी लांडगाही वस्तीच्या कडेपर्यंत येतो.

असा लांडगा पहाटे बांधावर दिसला तर कळवावं की गप्प बसावं? गप्प बसा म्हणणारे लांडग्याच्या काळजीपोटीच तसं म्हणतात, हे मला माहीत आहे. बातमी फुटली की पोरं काठ्या घेऊन माळ पालथा घालतील, कुणी मेलेल्या मेंढीत विष कालवेल, कुणी पिलांच्या बिळात धूर करेल, ही त्यांची भीती. तिला इतिहासाचा आधारही आहे. इंग्रजी अमलात लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई. 1875 ते 1925 या 50 वर्षांत अशा बक्षिसांपायी देशात दोन लाखांहून जास्त लांडगे मारले गेल्याचा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. त्या काळात लांडग्याची खबर सरकारला देणं म्हणजे त्याच्या मरणाचीच चिठ्ठी होती. आज सबंध देशात तीन हजारांच्या आसपास लांडगे उरलेत.

पण कायदा बदलला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका झाल्याशिवाय किंवा तो बरा न होण्याइतका जायबंदी, आजारी असल्याशिवाय त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही, आणि ती देण्याचा अधिकारही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा. नुसता दिसला म्हणून पिंजरा लावता येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कळवावं. वनरक्षकाला कळवावं, नाहीतर वन खात्याच्या 1926 या क्रमांकावर. मोबाइलच्या ग्रुपवर मात्र जागेच्या नावासकट फोटो टाकू नये. वन खात्याकडं त्या खबरेची नोंद होते. ग्रुपवर तीच खबर दुपारपर्यंत चार गावं फिरते, एकाचे पाच लांडगे होतात, आणि संध्याकाळी माळावर बॅटऱ्या चमकू लागतात.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2024 साली उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली. ज्यांच्या अंगणात ते घडलं त्यांना लांडग्याचं महत्त्व सांगायला कुणी जाऊ नये. आपल्याकडं ऊसतोडीच्या कोपीत, मेंढपाळाच्या पालाबाहेर लेकरं उघड्यावरच झोपतात. म्हणून तर खबर वेळेवर पोचायला हवी. एरवी लांडगा माणसाला पाहून वाट बदलतो. तो दिवसाढवळ्या अंगावर येत असेल, तोल जाऊन भेलकांडत असेल, तर पिसाळलेला असू शकतो. तिथं तासाभराचाही उशीर नको. आणि कुणाला चावलाच, तर जखम साबणाच्या पाण्यानं भरपूर धुऊन रेबीजच्या लसीसाठी थेट दवाखाना गाठावा.

कळवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते लांडग्याच्याच हिताचं. वस्तीच्या कडेला त्याची गाठ गावच्या कुत्र्यांशी पडते. त्यांचे रोग त्याला लागतात, शिवाय संकरही होतो. पुण्याजवळच्या माळावर असा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं, ते 2023 मध्ये प्रसिद्धही झालं. तिथल्या एका वेगळ्या रंगाच्या जनावराकडं आधी कुणीतरी लक्ष दिलं, म्हणूनच ते कळलं.

मेंढपाळाचं मात्र वेगळं दुखणं आहे. कोकरू गेलं तर भरपाई मिळते, पण 48 तासांच्या आत कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही आणि पंचनाम्याची वाट पाहायची. वाडा तर रोज हलतो. शिवाय लांडगा कोकरू उचलूनच नेतो, मग पंचनामा कशाचा करायचा? अशा माणसानं तक्रार केली नाही तर त्याला दोष कसा द्यावा? या नियमात फिरत्या वाड्यांसाठी सवलत हवी, आणि ती मागायला बागायतदारांनीही त्यांच्यासोबत उभं राहायला हवं. खत आपल्याच रानात पडतं.

सांगायचं ते डोळ्यांनी पाहिलेलंच सांगावं: वेळ, ठिकाण, किती होते, कुठल्या दिशेनं गेले. पाय लांब होते का, शेपूट खाली लोंबती होती का. पाठ मागं उतरती आणि अंगावर पट्टे असतील तर ते तरस. पिलं दिसली तर तिथं थांबू नये, दुसऱ्या कुणाला न्यायचं तर नाहीच. आणि फोन झाला की शेजारच्या रानात मेंढरं बसवलेल्याला हाक मारून सांगावं. वनरक्षक सकाळी येईल, पण मेंढपाळाला मेंढरांभोवतीची वाघर आज रात्रीच नीट ताणून बांधायची आहे.