नाव कोणाच्या मुखी?

प्रभू येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, यहूदी लोकांना 'यहूदाये' म्हणत. याच भाषेची शाखा असलेल्या सिरियाकमध्येही जवळजवळ हाच शब्द आहे. ओझरला विमानांच्या कारखान्यामुळे नाना प्रांतांची माणसे शेजारी आली. केरळची सिरियन परंपरेची कुटुंबे पवित्र मिस्साला 'कुर्बाना' म्हणतात, तोही याच भाषेतला शब्द. मुळात यहूदा हे नाव स्तुतीचे. उत्पत्तीच्या पुस्तकात लेआ परमेश्वराचे स्तवन करून आपल्या चौथ्या पुत्राचे नाव यहूदा ठेवते. मग स्तुतीतून जन्मलेला शब्द निंदेचा कसा होतो?

एज्राच्या पुस्तकाचा काही भाग अरामी भाषेत आहे. चौथ्या अध्यायात यरुशलेमची पुनर्बांधणी करणाऱ्यांविरुद्ध राजाकडे तक्रार जाते. त्या पत्रात 'यहूदाये' बंडखोर ठरतात. पाचव्या अध्यायात मात्र त्याच 'यहूदाये' समाजाच्या वडील मंडळींवर देवाची दृष्टी होती, असे लिहिले आहे. शब्द तोच, पाहणारी दृष्टी निराळी.

आपल्या कोकणातही असेच एक नाव पडले. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. शेजाऱ्यांना त्यांचे धर्मशास्त्र ठाऊक नव्हते. पण त्यांचा शब्बाथ त्यांनी पाहिला आणि नावातच नोंदवला. त्या नावात द्वेष नव्हता.

आम्हा ख्रिस्ती लोकांना मात्र ही नजर यायला फार काळ लागला. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहूद्यांना लावलेले अविश्वासूपणाचे विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी 1959 मध्ये काढून टाकले. 1965 च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने, प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर वा आजच्या यहूद्यांवर लादता येत नाही, असे स्पष्ट केले. तोवर शतकानुशतके त्या एका नावावर छळ झाला होता.

म्हणून योहानलिखित दुःखसहनाचे वाचन ऐकून घरी परतल्यावर मुलांना एवढे अवश्य सांगावे: विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीने प्रभूला यहूदी म्हणूनच ओळखले होते. पवित्र मरिया यहूदी होती, प्रेषितही यहूदी होते. आणि 'अमुक लोक असेच' हे वाक्य ओठांवर आले, तर त्या लोकांपैकी कोणी समोर बसले आहे असे समजून बोलावे. एवढ्याने पुष्कळ वाक्ये ओठांवरच थांबतील.