‘ॲसिड टेस्ट’ आणि निकषाची नैतिकता

निर्णायक परीक्षेसाठी इंग्रजीत ‘ॲसिड टेस्ट’ हा वाक्प्रयोग सर्रास योजला जातो. मराठीत त्याला ‘अग्निपरीक्षा’ म्हटले, की मूळ व्यवहारच झाकला जातो. अग्निपरीक्षा शुद्ध की अशुद्ध, एवढेच विचारते. सोनाराची परीक्षा तौलनिक असते. तो कसोटीच्या काळ्या दगडावर दागिन्याची रेघ ओढतो, शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोहोंवर आम्ल सोडतो. नायट्रिक आम्लात तांबे-चांदी विरघळतात, सोने टिकते. कोणती रेघ कितपत टिकली, यावरून कस ठरतो. म्हणजे निवाडा एकटे आम्ल देत नाही; शेजारची रेघही देते. वाक्प्रयोगात आम्ल तेवढे उरले, ती रेघ पुसली गेली.

आपल्या ‘निकष’ या शब्दाचा मूळ अर्थही कसोटीचा दगड असाच आहे. मॅथ्यू आर्नल्डने १८८० मध्ये होमर, दान्ते, शेक्सपिअर, मिल्टन यांच्या ओळी कसोटीचे दगड म्हणून पुढे केल्या. वस्तुतः त्या दगड नव्हेत. नमुन्याच्या रेघाच होत. त्याची निवड एकांगी असेल. पण ती उघड असल्यामुळेच तिच्याशी वाद घालता येतो.

नमुना न दाखवता ‘ही कृती कसाला उतरत नाही’ असे म्हणणारा समीक्षक मूल्यमापन करत नाही, अधिकार गाजवतो. शिवाय कमी कसाचे सोने म्हणजे खोटे सोने नव्हे. तरतमभाव सांगण्याची जबाबदारी टाळून निकाल देणे, हा केवळ पद्धतीचा दोष नाही. तो लेखकावरील अन्याय आहे.