मित्राला अडवावं का?

"सुखातला जीव दुःखात कशाला घालायचा?" हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. लहानपणी झाडावर चढताना आजीने विचारलेला, कॉलेजात असताना ट्रेकला निघालो की आईने, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर माउंटन बाइक घरी आणली तेव्हा बायकोने! प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. निव्वळ हौसेखातर धोका पत्करायचा माणसाला अधिकार आहे का? आणि दुसरा, मला जास्त अवघड वाटणारा : आपला मित्र असा धोका पत्करायला निघाला, तर आपण त्याला अडवावं का?

हा दुसरा प्रश्न माझ्यासमोर आला तो व्हिसलरच्या डोंगरावर. व्हँकुवरहून उत्तरेला, समुद्र आणि कडे यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्याने सुमारे 120 किलोमीटरवर हे गाव आहे. 2010च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या डोंगरउतारावरच्या स्कीइंगच्या शर्यती इथेच झाल्या. हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टने उन्हाळ्यात सायकलवाले वर जातात. 1999 पासून इथे बाइक पार्क आहे. सायकल लिफ्टला अडकवायची, आपण खुर्चीत बसायचं, आणि वरून जंगलातल्या वाटांनी खाली यायचं. चढण्याचे कष्ट नाहीत, सगळा कस उतरताना लागतो. पॅडलवर उभं राहायचं, टाचा खाली दाबायच्या, बोट ब्रेकवर ठेवायचं आणि नजर पुढच्या वळणावर. समोरच्या दगडाकडे टक लावून पाहाल तर नेमके त्याच दगडावर जाल, हा तिथला पहिला धडा.

या खेळाचा जन्मच हौसेतून झाला. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरातल्या मातीच्या रस्त्यावर उताराची शर्यत लावली. खाली येईपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नाव पडलं 'रिपॅक'. तानाजी मालुसरे 1670 मध्ये कोंडाण्याचा कडा चढून गेले, त्यामागे स्वराज्याचं काम होतं. उतारावरच्या सायकलस्वारापाशी असं कुठलंच कारण नसतं. खाली पोचल्यावर तो पुन्हा लिफ्टच्या रांगेत उभा राहतो! म्हणूनच त्याची बाजू मांडणं कठीण जातं.

त्या दिवशी माझ्याबरोबर माझा एक जुना मित्र होता. त्याची बायको आणि मुलगी उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला गेल्या होत्या. सायकली भाड्याने घेताना एक फॉर्म भरावा लागला. अपघात झाल्यास कुणाला कळवायचं, या रकान्यात त्याने माझं नाव लिहिलं आणि हसत म्हणाला, "इथे तूच माझा नातेवाईक." दिवसभर आम्ही सोप्या हिरव्या आणि मध्यम निळ्या वाटांवर फिरलो. झाडांच्या सावलीत मातीचा ओला वास येत होता. लिफ्टमधून खाली गवतात चरणारं एक काळं अस्वल दिसलं, तेव्हा आम्ही दोघे शाळकरी मुलांसारखे ओरडलो. चार वाजता, शेवटच्या फेरीला, तो म्हणाला, "आज ए-लाइन करून बघतो."

ए-लाइन ही तिथली प्रसिद्ध वाट. काळ्या चौकटीची खूण असलेली, म्हणजे अवघड, आणि एकामागून एक उड्या असलेली. जवळूनच तिची सोपी बहीण, निळी बी-लाइन, उतरते.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1859 साली 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात एक उदाहरण दिलं आहे. एक माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाय ठेवतो आहे आणि त्याला त्याची कल्पना नाही. त्याला हात धरून मागे ओढलं तर त्यात त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही, कारण पाण्यात पडायची त्याची इच्छाच नाही. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, नुसता धोका असेल, तर त्याला सावध करावं आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोडावा. शहाण्यासुरत्या माणसाला जबरदस्तीने अडवू नये.

हे मला पटतं, पण पुरतं नाही. पार्कमध्ये शिरताना आपण एका कागदावर सही करतो की जे होईल त्याला मी जबाबदार. त्या कागदावर बायकोची सही नसते. अकरावीतल्या मुलीची नसते. गावाकडे फोनची वाट बघणाऱ्या आईची तर नसतेच. मिललाही हे ठाऊक होतं. ज्या वागण्याने माणूस दुसऱ्याबद्दलचं ठरावीक कर्तव्य मोडतो, ते त्याचं एकट्याचं राहत नाही, असं तोही म्हणतो. मग संसारी माणसाने डोंगराकडे फिरकूच नये का? तसंही मला वाटत नाही. बर्फात गाडी चालवून कामावर जातो, त्यातही धोका असतोच. आणि आनंदाने जगणारा बाप हेही मुलांचं देणंच आहे. प्रश्न असतो तो प्रमाणाचा. आपली तयारी किती, वाट केवढी, आणि पडलो तर मागे कोण उभं आहे, याचा हिशेब मनात झाला आहे की नाही, याचा.

इथे मित्राचं काम सुरू होतं. एकटा असता तर माणूस कदाचित सोप्या वाटेने गेला असता. सोबत कुणी असलं की 'नको' म्हणायची लाज वाटते. ही लाज किती जणांना नको त्या उडीवर घेऊन जाते! तेव्हा मी आधी स्वतःला विचारलं : हा माझ्यासमोर हट्टाला पेटला आहे, की त्याला खरंच जायचं आहे? मग त्याला एवढंच म्हणालो, "मी बी-लाइनने उतरतो. तू हवा तिकडून ये. नाही आवडलं तर मधेच थांब, मी खाली उभा आहे. मला घाई नाही."

तो ए-लाइनने गेला. मी खाली पोचून बराच वेळ झाला, तरी त्याचा पत्ता नाही. फॉर्मवरचं माझं नाव डोळ्यांसमोर येत राहिलं. अखेर तो आला, धुळीने माखलेला. पहिल्या दोन उड्या घेतल्या होत्या. तिसरी पाहिली, 'आपल्याला हे झेपणारं नाही' असं वाटलं, आणि मागच्या पोरांना वाट देत बाकीचे सगळे उंचवटे चाक जमिनीवर ठेवूनच पार केले होते. "वर थांबलो तेव्हा बरं वाटलं," तो म्हणाला, "तू काही म्हणणार नाहीस हे माहीत होतं."

तो सुखरूप आला म्हणून माझं वागणं बरोबर ठरतं, असं नाही. त्याचा खांदा निखळला असता तर तुम्हीच म्हणाला असता, "अडवायला काय झालं होतं?" नशीब आणि नीती यांची ही गल्लत बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी 1976 सालीच नेमकी मांडून ठेवली आहे : एकच कृती, पण निकाल पाहून आपण तिला शहाणपण म्हणतो किंवा बेजबाबदारपणा. माझ्या हातात निकाल नव्हता. त्याचा निर्णय उघड्या डोळ्यांनी व्हावा आणि मागे फिरायची वाट त्याला मोकळी राहावी, एवढंच माझ्या हातात होतं. तेवढं मी पुन्हाही करीन. मात्र तो थकलेला असता, किंवा वाटेची खूण न पाहताच निघाला असता, तर त्याच्या सायकलचं हँडल घट्ट धरून ठेवलं असतं. मोडका पूल तो हाच.

आपल्यासारख्या, घरापासून हजारो मैल दूर राहणाऱ्यांना ही गोष्ट जास्त लागू पडते. इथे कान धरायला काका-मामा नाहीत. ते काम मित्रांकडे आलं आहे. आपली मुलंही उद्या अशा एखाद्या फाट्यावर उभी राहतील. कधी डोंगरावर, कधी नदीकाठच्या उंच खडकावर, कधी रात्री उशिरा दुसऱ्याच्या गाडीच्या दाराशी. तिथे आपण नसू, त्यांचे मित्र असतील. 'नाही' म्हणायला शिका, असं आपण त्यांना नेहमी सांगतो. दुसऱ्याने 'नाही' म्हटलं तर त्याला हसू नका, त्याच्यासाठी खाली थांबा, हेही घराघरातून सांगायला हवं.